सईला, नव्या लॅपटॉपच्या निमित्ताने

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेलं की तू "हो गं आई, माहितीये" म्हणतेस आणि विषय संपवतेस. म्हणून हे लिहून काढलं आणि चिवड्याच्या डब्यासोबत पाठवतेय. तू कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, मी तहसील कचेरीसमोर महा ई-सेवा केंद्र चालवणारी, "तिला तू काय शिकवणार?" असं तुझे बाबा म्हणालेच. पण सई, माझ्या काउंटरवर येऊन अडकतात ती सगळी अडाणी माणसं नसतात. मास्तर असतात, बँकेतले असतात, तुझ्यासारखी शिकणारी पोरंही असतात. आणि त्यांचं काम बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: "मॅडम, तो नंबर आता बंद आहे."

पासवर्ड विसरला तर काही बिघडत नाही, नवा करता येतो. पण नवा करायचा म्हणजे ओटीपी हवा, आणि तो जाणार नोंदवलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर. नंबर दोन वर्षांपूर्वी सोडलेला. ईमेल? तो दहावीच्या फॉर्मच्या वेळी कॅफेवाल्या दादाने काढून दिला होता, पासवर्ड त्यालाच माहीत. आता तो दादा हिंजवडीत नोकरीला. शिष्यवृत्तीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी अशी पोरं काउंटरला रेलून उभी असतात आणि मी काहीही करू शकत नाही. महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल), डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रं ठेवायचं ॲप), पीएफ, बँक, कॉलेजचं पोर्टल, सगळ्यांच्या चाव्या या दोनच खुंट्यांना टांगलेल्या असतात. त्या आधी पक्क्या कर, बाकीचं नंतर.

ईमेलपासून सुरू कर. जीमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरलेला नको. कुठल्या तरी फालतू शॉपिंग ॲपची ईमेल-पासवर्डची यादी फुटली की तेच ईमेल आणि तोच पासवर्ड चोर सगळीकडे लावून बघतात, आणि हे काम माणूस नाही, प्रोग्रॅम करतो. पासवर्ड लांब ठेव. नावापुढे ॲट आणि १२३ हा आपल्या तालुक्याचा राष्ट्रीय पासवर्ड आहे, तो नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिही. लक्षात राहतात आणि अंदाज करायला अवघड जातात. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा जुना नियम सोडून दे. त्याने लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, एवढंच होतं. बाकीच्या शंभर साइटचे पासवर्ड ब्राउझरला किंवा बिटवॉर्डनसारख्या ॲपला लक्षात ठेवू दे. आजी वहीत लिहून ठेवते त्याला तू हसतेस, पण ती वही कपाटात असते आणि कपाटापर्यंत इंटरनेट पोहोचत नाही. वही वाईट नाही. मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलेली चिठ्ठी वाईट.

मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. ती चालू केली की गूगल तुला मोबाइल हाताशी नसताना वापरायचे आठ आकडी बॅकअप कोड देऊ शकतं, दहा कोडची यादी. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ती यादी कागदावर प्रिंट काढ आणि सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ठेव. त्याच मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलास तर मोबाइल हरवल्या दिवशी यादीही हरवली. व्हॉट्सॲपलाही सहा आकडी पिन लावता येतो. तो लावलेला असेल तर कुणी तुझ्याकडून ओटीपी काढून घेतला तरी पिनशिवाय त्याला लगेच पुढे जाता येत नाही.

आता नंबर. हॉस्टेलवर रेंज नाही म्हणून तू दुसरं सिम घेतलंस, ठीक. पण जुनं रिचार्ज न करता पडू देऊ नकोस. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही. त्यानंतर मात्र तो नव्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो, आणि मग तुझ्या बँकेचे मेसेज त्याच्या खिशात वाजतात. सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार, जीमेल, महाडीबीटी सगळीकडे नवा लाव आणि मगच सोड. सरकारचं संचार साथी पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालेलं. तिथे तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं आणि अनोळखी असेल त्याची तक्रार करता येते. मोबाइल चोरीला गेला तर आयएमइआय नंबर (प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक) देऊन तिथूनच ब्लॉक करता येतो. तो नंबर मोबाइलच्या खोक्यावर असतो, आणि खोकं आपण रद्दीत देतो. तुझं मी ठेवलंय, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात.

ओटीपीबद्दल मात्र मी सरकारी जाहिरातीसारखं बोलणार नाही. "ओटीपी कुणालाही सांगू नका" हे वाक्य लोकांनी तंतोतंत पाळलं तर माझं केंद्र दुपारपर्यंत बंद पडेल. दिवसभर माणसं समोर बसून मोठ्याने ओटीपी वाचून दाखवतात, त्याशिवाय सातबारा नाही, दाखला नाही. म्हणून जाहिरात लोकांच्या डोक्यावरून जाते. रोज सांगायची सवय लागलेली जीभ फोनवरच्या भामट्यालाही तसंच सांगते. खरी गोष्ट वेगळी आहे. स्वतःला विचार: हे काम मी स्वतः सुरू केलं होतं का, आणि मेसेजमध्ये काय लिहिलंय? ओटीपीच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं: लॉगिनसाठी, इतक्या रुपयांच्या व्यवहारासाठी, आधारच्या पडताळणीसाठी. लोक फक्त आकडे वाचतात. तू पूर्ण ओळ वाच. आणि यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. जुनी सायकल विकायला टाकलीस आणि घेणारा "पैसे पाठवलेत, स्वीकारायला पिन टाका" म्हणाला की फोन ठेव.

झेरॉक्सच्या दुकानाचं सांगते, कारण ते मला आतून माहीत आहे. तुम्ही पोरं प्रिंटसाठी दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, मार्कशीट धाडाधड पाठवता. प्रिंट निघते, तुम्ही जाता, पीडीएफ तिथेच राहते. माझ्याकडे मी रोज रात्री डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं करते आणि रिसायकल बिनसुद्धा. सगळे करत नाहीत. आणखी वाईट म्हणजे काही जण दुकानातल्या कॉम्प्युटरवर क्यूआर स्कॅन करून व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि तसंच सोडून निघून जातात. मागे एक मुलगी प्रिंट घेऊन गेली आणि तिच्या घरच्या ग्रुपवरचे मेसेज संध्याकाळपर्यंत माझ्या स्क्रीनवर येत राहिले: कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं शुगर वाढलं. मी लॉगआउट केलं. दुसऱ्या कुणी वाचत बसलं असतं. तुझ्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपच्या तीन टिंबांत 'लिंक्ड डिव्हाइसेस' असं आहे. ते आत्ता उघड. ओळखीचं नसेल ते काढून टाक. आणि दुकानात आधार द्यायचं तर मास्क्ड आधार दे, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरूनच उतरवता येतं. डाउनलोड करताना एका चौकोनात टिक करायची, बस. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा असतो, हे प्रत्येक केंद्रवाल्याला पाठ आहे.

फॉर्म भरताना फोटो कुठे ५० केबीच्या आत मागतात, कुठे कागदपत्र २५६ केबीच्या आत. त्यासाठी गूगलवर पहिली दिसेल ती 'फ्री कॉम्प्रेस' साइट उघडून त्यात मार्कशीट चढवू नकोस. आपलं कागदपत्र कुणाच्या कॉम्प्युटरवर जातंय ते कळत नाही. विंडोजच्या पेंटमध्ये फोटो उघड, रिसाइझमध्ये टक्के कमी कर, जेपीजी म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह कर. इंटरनेटही लागत नाही. मोबाइलवर कागद स्कॅन करताना सरळ खिडकीच्या उजेडात धर. निम्मे फॉर्म परत येतात ते ट्यूबलाइटच्या सावलीत काढलेल्या, बोट आलेल्या फोटोंमुळे.

लिंक ओळखायची एकच युक्ती मी माझ्या पोरांना शिकवते (दुकानातल्या पोरांना, तुला अजून शिकवली नव्हती). पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' नंतरची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे उलटं वाचायचं. रेघेला चिकटून 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी. पण 'महाडीबीटी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट एक्सवायझेड' असं असेल, तर मालक अमुकतमुक. त्याच्या डावीकडचं सगळं नुसतं सजवलेलं. कुलपाचं चित्र दिसलं म्हणून साइट खरी ठरत नाही. मधल्या वाटेवर कुणी वाचू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. चोरालाही ते कुलूप फुकट मिळतं. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान आलं आणि फाइलच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. इन्स्टॉल झालं की तुझे मेसेज वाचू शकतं. पाठवणारा मामा असला तरी उघडू नकोस. बहुधा मामाचा मोबाइल आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो.

लॅपटॉपचं थोडक्यात. गादीवर ठेवून वापरू नकोस, खालची जाळी बंद होते आणि पंखा घरघरतो. अडकायला लागला तर शटडाउन करून पुन्हा चालू करण्याऐवजी रीस्टार्ट दे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते, ती चालू असेल तर शटडाउन केल्यावरही आतला काही भाग जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे बिघाडही तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये खरंच पहिल्यापासून सुरू होतं. माझ्याकडे 'प्रिंटर दिसत नाही' म्हणून आलेले निम्मे लॅपटॉप एवढ्यावर सुधारतात आणि मी त्याचे पैसे घेत नाही. चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल शिफ्ट टी ने परत येतो. विंडोज आणि व्ही दाबलंस की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते. पहिल्यांदा चालू करायला विचारेल, कर. रिपोर्ट लिहिताना हात वाचतात.

प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर ठेव. गूगलची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे. ती भरली की नवे मेल येणंच थांबतं, आणि कॉलेजचं पत्र नेमकं त्या दिवशी येतं. गावच्या जत्रेचे व्हिडिओ तिथून काढ आणि बाबांच्या हार्डडिस्कवर टाक.

एवढं सगळं करूनही कधी पैसे गेलेच, तर रडत बसू नकोस आणि आम्हाला सांगायला लाजू नकोस. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतात, त्यामुळे जितक्या लवकर कळवशील तितके ते वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळव आणि तक्रारीचा नंबर लिहून घे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुझीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंस, तर तोटा तुझ्यावर येत नाही. चूक तुझी असली तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी गप्प बसण्यातच जास्त नुकसान आहे. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर केलेली 'अटक', असं कायद्यात काही नाही हे तुला माहीत आहे, पण आजीला पुन्हा एकदा सांग; माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते.

आता आपल्या घरचंच एक काम. तुझं बँकेचं खातं तू शाळेत असताना उघडलं, तेव्हापासून त्याला बाबांचा नंबर लागलेला आहे. शिष्यवृत्ती जमा झाल्याचा मेसेज त्यांनाच येतो, आणि ते मेसेज वाचत नाहीत हे तुला ठाऊक आहे. तुझा नंबर लावून घ्यायला हवा. बँकेच्या शाखेत त्यासाठी खातेदाराला सहीला बोलावतात. दिवाळीला येशील तेव्हा पासबुक आणि आधारची मूळ प्रत घेऊन ये; धनत्रयोदशीच्या आधी एखादा कामकाजाचा दिवस मिळेल असं तिकीट काढ, नंतर दिवाळीत बँकेला सुट्ट्या असतात.

तुझी,
आई