हाताची घडी, तोंडावर बोट, पण किती तास?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लेकरांच्या मोबाईलबद्दल पेपरात रोज काहीतरी छापून येतं, आणि ते खोटं नाही. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते छापावं ही विनंती. लेकरं दिवसभर एका जागी बसून राहायला शिकतात ती मोबाईलच्या आधी शाळेत शिकतात, आणि तिथं त्यांना बसवणारे आपण मोठेच आहोत.

मी लातूरला राहते, पोरगी तिसरीत आहे. तिचा दिवस बघितला तर सकाळी रिक्षात बसायचं, मग शाळेत बेंचवर बसायचं, परत रिक्षात बसून घरी, जेवायला बसायचं, ट्युशनला बसायचं, होमवर्कला बसायचं आणि मग थकली म्हणून टीव्हीसमोर बसायचं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला कमीत कमी २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलंय, म्हणजे रोजचे ४ तास तर धरूनच चाला, त्याच्यावर ट्युशनचे आणि घरच्या अभ्यासाचे तास वेगळे. आठ वर्षांचं लेकरू आहे हो ते, एवढं तर मोठ्या माणसालाही बसवत नाही.

यावर लोक लगेच म्हणतात की आम्ही कराटेचा क्लास लावलाय, संध्याकाळी एक तास खेळतो तो. चांगलंच आहे की. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात, एक म्हणजे ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली दमछाक होईल अशी हालचाल पाहिजे, आणि दुसरी म्हणजे बसून राहण्याचा वेळ कमी केला पाहिजे, त्यातही करमणुकीसाठी स्क्रीनसमोर जाणारा. पहिली केली म्हणून दुसरी माफ होत नाही. मांडीचे, पोटरीचे मोठे स्नायू हलले की रक्तातली साखर वापरतात, तासन्‌तास बसलं की ते काम थंड पडतं. आणि डोळ्यांचं तर विचारूच नका, लहान वयात दिवसाउजेडी बाहेर राहणारी लेकरं असतात त्यांना लांबचा चष्मा लागायचं प्रमाण कमी राहतं, तैवाननं २०१० पासून शाळांमधून रोज दोन तास बाहेर काढायची मोहीमच चालवलीय.

आपल्याकडं उलटं चाललंय. चौथी-पाचवी आली की नवोदय आणि स्कॉलरशिपची तयारी सुरू, आणि पहिला बळी जातो पीटीच्या तासाचा. गणिताच्या बाई तो मागून घेतात, आणि पालक म्हणून आपण खूशच होतो. दंगा केला तर शिक्षा काय, तर खेळाच्या तासाला वर्गात बस. म्हणजे ज्या लेकराला हलायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच बसवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याच भागातलं बघा ना. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे लहानपणी घर ते शाळा सहा किलोमीटर चालत-पळत जायचा कारण दुसरी सोयच नव्हती, त्यानं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य आणि २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. सहा किलोमीटर चालायला लागणं ही काही चांगली गोष्ट नव्हे आणि प्रत्येक लेकरू खेळाडू व्हावं असंही नाही. पण तेव्हा हालचाल दिवसातच मुरलेली होती, वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, आता रिक्षा-व्हॅन आली, गल्लीत गाड्या लागल्या, लंगडी-लगोरीला जागाच राहिली नाही, आणि मुलींना तर पाचवीपासूनच 'आता बाहेर कशाला' सुरू होतं. म्हणून जे गेलं ते शाळेनंच भरून काढायला पाहिजे असं मला वाटतं.

शिक्षकांना मी दोष देत नाहीये. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात, एक वर्ग शिकवताना दुसऱ्याला 'शुद्धलेखन लिहा, आवाज नको' म्हणण्याशिवाय गुरुजी करतील काय. शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षकसुद्धा कायद्यानं सहावी ते आठवीलाच दिलाय, तोही १०० च्या वर पट असेल तर. सगळ्यात लहान लेकरांना कुणीच नाही. ही तरतूद बदलायला पाहिजे, पण तोवर वर्गात करता येण्यासारखं लई आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं करा. पाढे उभ्यानं, टाळ्या वाजवत म्हणू द्या. फरशीवर खडूनं आकडे लिहून बेरीज-वजाबाकी उड्या मारत करून घ्या, सातवर उभा राहून तीन मागं उडी मारली की वजाबाकी कळते, ते वहीत सांगून कळत नाही. दोन वर्ग एकत्र असतील तर वाट बघणाऱ्या वर्गाला भिंतीवरच्या तक्त्यापाशी गटानं उभं राहून काम द्या. आणि परिसर अभ्यास तरी परिसरात घ्या हो, झाडाची पानं पुस्तकात दाखवायची आणि व्हरांड्यासमोरचा कडुलिंब तसाच, असं कशाला. होमवर्कमध्येसुद्धा गल्लीतली झाडं मोजून या, पायऱ्या मोजा, आजीबरोबर चालून या आणि काय दिसलं ते सांगा, असं देता येतं की.

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेनं रोज १५ मिनिटं सगळ्यांना मैदानाच्या कडेनं चालवायला-पळवायला सुरू केलं, गणवेशातच, ना वेगळे कपडे ना स्पर्धा, ते पुढं कितीतरी देशांत पसरलं. आपल्याकडं ऊन आहे हे मान्य, एप्रिलमध्ये अकरा वाजता कुणी लेकराला मैदानात काढू नये. पण तेव्हा सकाळची शाळा असते, परिपाठ झाला की लगेच पंधरा मिनिटं घेता येतात, आणि नाहीच जमलं तर व्हरांडा आहे.

शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग हे मात्र डोक्यातून काढायला लागेल. तपासणीला येणाऱ्या साहेबांनीसुद्धा वह्यांसोबत एवढं विचारावं की आज लेकरं किती वेळा जागेवरून उठली.

पालकांना एक सांगायचंय. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा, पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही आणि शिक्षा म्हणून कुणाचं खेळणं बंद करायचं नाही. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला हेच बोला, आमच्याकडं मी येत्या मीटिंगला बोलणार आहे.

आपली,
एक पालक, लातूर