तक्रार पत्र: डॅशबोर्ड सॉफ्टवेअरने परस्पर घेतलेले निर्णय आणि त्यातून निघालेले चुकीचे आकडे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ड्रॅग-अँड-ड्रॉप डॅशबोर्डमधील मूळ सेटिंग्जबाबत तक्रार

महोदय,

आमच्या संस्थेच्या विक्री विभागाचे मासिक अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे आणि गेले आठ महिने मी ते आपल्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरवर, म्हणजे आकडे आणि आलेख एकाच पडद्यावर मांडणाऱ्या प्रणालीवर, करत आहे. रकाना उचलून पडद्यावर सोडला की आलेख तयार होतो, कोडची एक ओळही लिहावी लागत नाही, हा आपला दावा खरा आहे. माझी तक्रार आहे ती रकाना सोडल्यापासून आलेख दिसेपर्यंतच्या क्षणभरात आपले सॉफ्टवेअर जे निर्णय न विचारता घेऊन टाकते, त्यांच्याविषयी.

परत आलेल्या मालाच्या टक्केवारीचा रकाना मी प्रथम ओढला, तेव्हा सॉफ्टवेअरने सर्व शाखांच्या टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज केली. ती बेरीज उघडच निरर्थक असल्याने मी यादीतून ‘सरासरी’ हा पर्याय निवडला आणि आकडा पटण्याजोगा दिसू लागला. नेमका तोच घातक ठरला. एका शाखेत २०० मागण्यांपैकी (ऑर्डरींपैकी) १० परत आल्या, म्हणजे ५ टक्के. दुसरीत २० पैकी ४, म्हणजे २० टक्के. डॅशबोर्डवर १२.५ टक्के झळकले, पण प्रत्यक्षात २२० पैकी १४ मागण्या परत आल्या होत्या आणि खरे प्रमाण सुमारे ६.४ टक्के होते. जवळजवळ दुप्पट आकडा वरिष्ठांच्या बैठकीत मांडला गेला आणि त्यावर तासभर चर्चाही झाली. पर्याय मी निवडला होता, हे मी नाकारत नाही. परंतु परत आलेल्या मागण्या आणि एकूण मागण्या या दोन्ही रकान्यांच्या बेरजा आधी करून मग भागाकार करण्याची सोय आपण तिसऱ्या उपमेनूत दडवून ठेवली आहे आणि टक्केवारीच्या रकान्याची बेरीज किंवा साधी सरासरी घेताना इशाऱ्याचे एक वाक्यही पडद्यावर येत नाही.

दुसरी चूक लक्षात यायला दोन महिने लागले. मागण्यांचा तक्ता आणि त्यांतील वस्तूंचा तक्ता यांना जोडण्यासाठी एक तक्ता दुसऱ्यावर ओढून ठेवायचा, एवढेच आपल्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. तसे केल्यावर ज्या मागणीत तीन वस्तू होत्या, तिचा वाहतूक खर्च तीन ओळींत उतरला आणि तिप्पट मोजला गेला. लेखा विभागाच्या खतावणीशी ताळा जमेना, तेव्हा कुठे हा घोळ उघडकीस आला. जोडणीनंतर ओळींची संख्या वाढली आहे, हे सॉफ्टवेअरला त्याच क्षणी कळलेले असते. वापरणाऱ्याला मात्र ते सांगितले जात नाही. माझ्या मते संपूर्ण प्रणालीतील सर्वांत गंभीर दोष हाच आहे, कारण येथे आलेख पाहून काहीही शंका येत नाही.

स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू न करण्याची आपली मूळ (आपोआप लागू होणारी) सेटिंगही मला समजलेली नाही. विक्री ९६० नगांवरून १००० नगांवर गेली, म्हणजे वाढ सुमारे ४ टक्के झाली. पण अक्ष ९५० पासून सुरू झाल्याने दुसरा स्तंभ पहिल्याच्या पाचपट उंच दिसला. रेषालेखात असे करणे एक वेळ चालते. स्तंभात मात्र डोळा लांबीच मोजतो, त्यामुळे खालचा भाग कापला की तुलनाच खोटी ठरते.

आपल्या तयार नमुन्यांविषयीही लिहिणे भाग आहे. प्रत्येक नमुन्यात गाडीच्या वेगमापकासारख्या तीन-चार तबकड्या आणि एक मोठा वर्तुळालेख असतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकाच मोजपट्टीवरील स्थानांची तुलना लोक (वर्तुळालेखात दिसतात तशा) कोनांच्या तुलनेपेक्षा अधिक अचूक करतात, असे दिसून आले होते; तरीही अर्धा पडदा अडवून एकच आकडा सांगणारी तबकडी आपण प्रथम पुढे करता. शिवाय ‘चांगले’ आणि ‘वाईट’ हा भेद केवळ हिरव्या-लाल रंगांनी दाखवला जातो. आमच्या एका सहकाऱ्याला हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत आणि अशी अडचण असलेली माणसे काही दुर्मीळ नाहीत. माहिती शेवटची कधी अद्ययावत झाली, ती वेळही कोणत्याच नमुन्यात नसते.

या बाबी मी आपल्या मदत कक्षाला दोनदा कळवल्या. दोन्ही वेळा ‘योग्य पर्याय निवडणे ही वापरकर्त्याची जबाबदारी आहे’ असे उत्तर आले. ज्याला आकडेशास्त्र येत नाही त्यालाही डॅशबोर्ड बनवता येईल, अशी जाहिरात करायची आणि चूक झाली की त्याच्याकडून आकडेशास्त्राची अपेक्षा धरायची, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

तरी टक्केवारीच्या रकान्यांवर बेरीज वा सरासरी लावताना आणि जोडणीमुळे ओळी वाढताना स्पष्ट इशारा द्यावा, स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होईल अशी मूळ सेटिंग ठेवावी आणि हे बदल कधी होणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे, अशी माझी मागणी आहे. ते शक्य नसल्यास वर्गणीच्या उरलेल्या चार महिन्यांची रक्कम परत करावी. चुकीचे आणि दुरुस्त केलेले अहवाल, तसेच मदत कक्षाची दोन्ही उत्तरे सोबत जोडली आहेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वर्गणीदार ग्राहक