बाबा, वास तुमचा नाही

ती. आई-बाबा यांस,
सा. न.

काल आई म्हणाली, तोंडाला वास येतो म्हणून बाबा छोट्याला मांडीवर घेत नाहीत. कॅन्सरसाठी जबड्यावर किरणांचे जे ३३ शेक घ्यायचे, त्यांतले १३ झाले, त्यात ही नवी लाज. बाबा, माझ्या मायक्रोबायॉलॉजीची फी तुम्ही भरली होती, तेव्हा ऐका.

तुम्ही तोंड घाण ठेवता म्हणून वास येत नाही, लाळ आटली म्हणून येतो. कूलरच्या टाकीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर घरभर काय होतं, ते नागपूरकराला मी सांगायला नको. तोंडात जंतूंच्या शेकडो जाती नांदतात. लाळ त्यांना धुते, आंबटपणा मारते. जबड्यावर पडणारे किरण लाळेच्या ग्रंथींनाही भाजतात. मग लाळ घटते, चिकट होते, तोंड आंबट होतं. ज्यांना आंबट सोसत नाही ते भले जंतू मागे पडतात आणि दात किडवणारे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, लॅक्टोबॅसिलस जागा धरतात. कॅन्डिडा नावाची बुरशीही माजते. आईला जिभेवर दिसलेला दह्यासारखा थर तोच असू शकतो. उद्याच्या शेकाला डॉक्टरांना जीभ दाखवाच, औषध असतं त्यावर.

घसा ओला ठेवायला खडीसाखर चघळता म्हणे! ती थेट त्या आंबट मंडळींची पंगत. शेजारच्या काकूंची संत्री आईने खावीत, तुमच्या सोललेल्या तोंडाला ती झोंबतील. बाथरूममधला झणझणीत माउथवॉशही फेका.

आई, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी चूळ, रोज नवं पाणी.

आणि शेकाआधी दोन दाढा काढल्या म्हणून डॉक्टरांवरचा राग आता सोडा. किरण घेतलेलं हाड लवकर भरत नाही. नंतर दाढ काढावी लागली असती तर जबडा कुजायची भीती होती.

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल मी बोलणार नव्हते. पानठेल्यावर गप्पांना बसा, पण नुसती सुपारीसुद्धा नको. तंबाखूशिवायही ती कॅन्सर करते.

लाळ शेक संपल्यावरही बरेच महिने कमीच राहील, त्यामुळे दातांना फ्लोराइड लागणार. ते लावायला दातांच्या डॉक्टरांनी दिलेले ट्रे कपाटात कुठेतरी पडलेत, शोधून ठेवा. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, ऊन आहे.

तुमची,
माई