खुर्ची सोडून उठलेल्या ग्रंथपाल ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण जाहीर आभार मानल्याशिवाय राहवत नाही. आणि ज्यांनी आधी माझी बोळवण केली त्यांच्याही नजरेला हे पडावं, असं मनातून वाटतंच.

मी लालबागच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला हबल दुर्बिणीचा 1995 सालचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला होता. सप्तर्षींतल्या एका जवळजवळ रिकाम्या ठिपक्यावर डिसेंबरात दहा दिवस नजर रोखली आणि तिथे तीनेक हजार दीर्घिका निघाल्या. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, जिथे काहीच दिसत नाही तिथे बघायची परवानगी दिली कोणी? अर्जात लिहिलं तरी काय?"

दुर्बिणीचा वेळ मिळवायला शास्त्रज्ञांनाही अर्ज करावा लागतो. मला तो अर्जच हवा होता.

एका मोठ्या संस्थेत गेले. पहिला प्रश्न, "तुम्ही कुठल्या?" दुसरा, "पीएचडी करताय का?" शाळेत शिकवते म्हटल्यावर साहेबांनी मोबाइलमध्ये मान घातली आणि "असले अर्ज गोपनीय असतात" म्हणून वाटेला लावलं. आणखी एकांनी "गूगलवर सगळं मिळतं हो" म्हणत वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

तुम्ही एवढंच विचारलंत, "मुलाला नेमकं काय हवंय?" आणि चक्क खुर्चीवरून उठलात. "बसा इथे. तुम्हीच शोधा, म्हणजे उद्या वर्गात दाखवता येईल." मी डोळे बारीक करतेय हे पाहून स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिलीत आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलात. मी एकेक अक्षर हुडकत टाइप करत होते. ज्याला येतं त्याला समोरच्याच्या हातातला माउस ओढायची केवढी घाई असते, हे आमच्या स्टाफरूममध्ये रोज बघते. तुमचे हात शेवटपर्यंत पाठीमागेच होते. ताई, बाकी सगळं विसरेन, हे नाही विसरणार.

नावाने शोधलं तर यादीचा ढीग आला. "मंजूर झालेल्या प्रत्येक प्रस्तावाला क्रमांक असतो, तो टाका," म्हणालात. 6337. खाली रॉबर्ट विल्यम्स यांचं नाव आणि प्रस्तावाचा सारांश. गोपनीय म्हणे! नाकारलेले अर्ज आणि अर्जातली सविस्तर शास्त्रीय मांडणी बाहेर येत नाही, हे खरं. पण मंजूर प्रस्तावांचे सारांश जगात कुणीही वाचावेत. विल्यम्स तेव्हा हबलचं काम चालवणाऱ्या संस्थेचे संचालक होते. संचालकाच्या अखत्यारीत राखलेला दुर्बिणीचा वेळ त्यांनी या रिकाम्या जागेवर लावला. सगळं फुकट जाईल म्हणणारे जाणकारही होते. आणि हाती आलेलं स्वतःकडे दाबून न ठेवता त्यांनी लगेच सगळ्यांना खुलं केलं. अशी माणसं असतात, तशा तुम्हीही आहात. मुंबईत कुणाला वेळ नसतो म्हणतात. वेळ असतो हो, समोरचा कोण आहे ते पाहून तो निघतो, एवढंच.

निघताना तुम्ही आणखी एक सांगितलंत: 2018 पासून हबलचे प्रस्ताव तपासणाऱ्यांना अर्जदाराचं नाव आणि संस्था कळूच देत नाहीत. म्हणजे "तुम्ही कुठल्या?" विचारायची सोयच नाही! परळला उतरेपर्यंत मला त्या साहेबांची आठवण येऊन हसू येत होतं.

सारांश वर्गात वाचून दाखवला. बराचसा डोक्यावरून गेला, पण संचालकांनी आपल्या वाट्याचा वेळ दिला हे पोरांना फार आवडलं. जेम्स वेब या नव्या अवकाश दुर्बिणीवर 2024 मध्ये उपलब्ध वेळेच्या जवळजवळ नऊपट वेळ मागितला गेला, हेही सांगितलं. त्यावर आमच्या त्याच कार्ट्याचा पुढचा प्रश्न, "मग ज्यांना नाही म्हटलं, ते परत अर्ज करतात का?"

करतात, एवढं मी सांगितलं. पुढचं विचारायला त्यालाच घेऊन येते. शनिवारी दुपारी असता ना?

तुमची,
लालबागची एक बाई