लेडरबर्ग आणि लेडरबर्ग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांच्या गैरवापराविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून जे लेखन येते, त्यात ‘जंतूंना औषधाची सवय होते’ असे वाक्य हमखास असते. दवाखान्यातही हेच ऐकू येते. हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते चूक असल्याचे ज्या प्रयोगाने डोळ्यांना दिसेल असे दाखवून दिले, त्या प्रयोगामागील एका व्यक्तीचे नाव आपल्याकडे जवळजवळ घेतलेच जात नाही, म्हणून हे पत्र.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ‘रेप्लिका प्लेटिंग’ केलेले असते. लाकडी किंवा धातूच्या ठोकळ्यावर निर्जंतुक केलेली मखमल ताणून बसवायची, जिवाणूंच्या वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) असलेली प्लेट, म्हणजे पोषक थराची उथळ बशी, तिच्यावर अलगद टेकवायची आणि मखमलीवर उमटलेला तो ठसा एकामागून एक नव्या प्लेटवर उतरवायचा. मखमलीचा प्रत्येक तंतू सुईसारखे काम करतो, त्यामुळे वसाहतींच्या जागा सगळ्या प्लेटवर तंतोतंत जुळतात. आता नव्या प्लेटमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातले असेल, तर तेथे मोजक्याच वसाहती तगतात. मग मूळ प्लेटवर, जिला औषधाचा स्पर्शही झालेला नाही, नेमक्या त्याच जागेवरचे जिवाणू घेऊन, पुन्हा पुन्हा हीच कृती करत प्रतिरोधी वाण शुद्ध करता येते. म्हणजे प्रतिरोध औषध येण्याआधीच काही जिवाणूंत उत्परिवर्तनाने निर्माण झालेला होता. औषधाने फक्त बाकीचे मारले. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्ये हेच संख्याशास्त्राने मांडले होते, पण वर्गात ते गणित समजावताना माझी जी दमछाक होत असे, ती मखमलीच्या एका तुकड्याने वाचत असे.

या पद्धतीचा शोधनिबंध 1952 चा, लेखक ‘लेडरबर्ग आणि लेडरबर्ग’. माझ्या एका विद्यार्थ्याने दुसरा लेडरबर्ग छपाईची चूक समजून प्रयोगवहीतून गाळला होता. त्याला हसण्याचा अधिकार मला नव्हता, कारण मी स्वतः कित्येक वर्षे ‘लेडरबर्ग यांनी शोधून काढले’ असेच शिकवत आलो. आपल्या भाषेतले हे आदरार्थी ‘यांनी’ स्त्री आणि पुरुष दोघांनाही चालते, आणि ऐकणारा मात्र न विचारता पुरुषच गृहीत धरतो.

दुसऱ्या लेडरबर्ग म्हणजे एस्थर लेडरबर्ग. जन्म 1922, न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स, पीएच.डी. 1950 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून. ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या के-12 या वाणावर अनेक प्रयोगशाळा वर्षानुवर्षे काम करत होत्या, पण त्याच्या आत एक विषाणू मुकाट बसलेला आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अतिनील किरणांनी बदललेले वाण मूळ वाणाबरोबर वाढवताना एस्थर यांना वसाहती कुरतडल्यासारख्या दिसल्या. इतरांनी कदाचित प्लेट बिघडली म्हणून टाकून दिली असती. त्यातून लॅम्डा हा जिवाणुभक्षक विषाणू हाती आला. जिवाणूच्या गुणसूत्रात आपले डीएनए मिसळून पिढ्यान्‌पिढ्या शांत राहणारा आणि प्रसंगी जागा होणारा हा विषाणू पुढे जनुक-नियमनाच्या अभ्यासाचा आणि नंतर जनुक-अभियांत्रिकीचा आधार झाला. जिवाणूंच्या संयोगाला, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात डीएनए जाण्याला, लागणाऱ्या ‘एफ’ घटकाच्या शोधातही त्यांचा मोठा वाटा आहे.

1958 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांचे पती जोशुआ यांना बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांसह मिळाले. ते पत्नीकडून हिरावून घेतले, असे मी म्हणणार नाही. जिवाणूंमधील जनुकीय पुनर्संयोजनाचा (जनुकांच्या सरमिसळीचा) मूळ शोध जोशुआ आणि टेटम यांनी 1946 मध्येच जाहीर केला होता. खटकते ते वेगळेच. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात इतकी वर्षे काम करूनही एस्थर यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळाले नाही. 1976 ते 1986 या काळात त्यांनी तेथील प्लाझ्मिड (जिवाणूतील गुणसूत्राबाहेरचे छोटे डीएनए) संदर्भ केंद्र सांभाळले. जगभरातील संशोधकांना सापडणाऱ्या प्लाझ्मिडना नावे आणि क्रमांक नेमून देणे हे तेथले काम, म्हणजे इतरांच्या शोधांची नावनिशी नीट ठेवण्याचे. 2006 मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आणि मराठी पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना माझी विनंती एवढीच, की रेप्लिका प्लेटिंगच्या धड्यात ‘एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग’ अशी दोन्ही नावे पूर्ण छापावीत, आणि लॅम्डाच्या परिच्छेदात एस्थर यांचे नाव यावे. आपल्या आरोग्यविषयक पानालाही एक सुचवावेसे वाटते : ‘जंतूंना सवय होते’ याऐवजी ‘औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात आणि वाढतात’ असे लिहावे.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर