समोरचे दुकान

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेम कंपन्यांच्या विलीनीकरणावरचा कालच्या अंकातील लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे, वाद नाही. पण मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेतली यात ‘फायदा ग्राहकाचाच’, हे वाचून हातातला चहा निवला.

लेखकाची सगळी भिस्त ॲक्टिव्हिजनच्या कॉल ऑफ ड्यूटी या युद्धाच्या गेमवर. तो प्लेस्टेशनवर, म्हणजे प्रतिस्पर्धी सोनीच्या गेम खेळायच्या यंत्रावरही, 10 वर्षे मिळत राहील असा सोनीशी करार झाला, म्हणजे मिटले! अहो, नव्या घरमालकाने 10 वर्षे राहू दिले म्हणून घर काय भाडेकरूचे होते?

मी कॉलेजात असताना आपल्या बर्डीच्या बाजारात गेमच्या सीड्या भाड्याने देणारी दोन दुकाने होती, अगदी समोरासमोर. एकाने दिवसाचे 20 रुपये सांगितले की दुसरा 15 वर यायचा. सीडी अडकली तर मुकाट बदलून मिळे. (सीड्या अस्सल होत्या का, हे कृपया विचारू नये.) मग एकाने दुसऱ्याचे दुकान घेतले. आम्ही खूश! दोन्हीकडचा माल एकाच ठिकाणी. कालचे लेखकही असेच खूश आहेत. महिनाभरात भाडे 30 झाले, वर 500 डिपॉझिट. पुढे आधीच ओरखडे असलेल्या सीडीपायी त्यातले माझे 200 कापले. भांडलो, तर गल्ल्यावरचा म्हणतो, ‘‘पटत असन तं घ्या, नाही तं राहू द्या.’’ पूर्वी असे कोणी बोलला असता तर मी सरळ रस्ता ओलांडला असता. आता समोर मोबाइल रिचार्जचे दुकान होते.

आता लेखात न आलेले. व्यवहार ऑक्टोबर 2023 मध्ये पूर्ण झाला, जानेवारी 2024 मध्ये गेमिंग विभागातल्या 1,900 जणांना नारळ. ऑक्टोबर 2025 मध्ये गेम पास अल्टिमेट, म्हणजे मायक्रोसॉफ्टची गेमची मासिक वर्गणी, अमेरिकेत महिना 19.99 डॉलरवरून 29.99 वर. हे सगळे विलीनीकरणामुळेच झाले असे मी म्हणत नाही. कन्सोलच्या, म्हणजे गेमयंत्रांच्या, धंद्यात मायक्रोसॉफ्ट सोनी आणि निन्टेंडोच्या मागे होती, हेही मान्य. पण ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने क्लाउड गेमिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट गेम खेळण्याच्या धंद्यात, स्पर्धा उरणार नाही या धास्तीने एप्रिल 2023 मध्ये हाच व्यवहार अडवला होता आणि क्लाउडचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीकडे द्यायचे ठरल्यावरच सोडला. यावर एक ओळसुद्धा नसावी? जागा नव्हती म्हणावे, तर खाली फ्लॅट स्कीमची अर्धा पान जाहिरात!

जागेवरून आठवले. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाल्यापासून रस्ता वर आणि अंगण खाली, पावसाचे पाणी थेट घरात. त्यावरचे माझे पत्र आपण कापूनकापून दोन ओळींचे छापलेत. त्यात पाणी राहिले, रस्ता गेला. शेजारी विचारतात, पावसाची तक्रार पेपरात कशाला केली?

हेही पत्र लांबले आहे, कल्पना आहे. कात्री लावायचीच तर वरच्या डॉलरांना लावा. माझे 200 रुपये तेवढे पुन्हा कापू नका.

आपला,
एक जुना वाचक,
नंदनवन, नागपूर