रविवारी संध्याकाळी मी घरी का नसते

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "अंगात त्राण नाही म्हणतेस, मग रात्रीचं गाणं ऐकायला कशी जातेस?" मी नुकतीच डायलिसिसच्या मशीनवरून सुटले होते, दोन शब्द बोलायचीही ताकद नव्हती. म्हणून आता सावकाश लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी तब्येतीचं. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, तसंच चालू आहे. पाणी मोजूनच प्यायचं. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी डाव्या हातात केलेला जोड, चांगला चालतोय. आई, डाव्या हातात बांगड्या नाहीत म्हणून तू हळहळतेस, पण त्या हातावर दाब पडून चालत नाही. बीपीसुद्धा उजव्याच हाताला बघतात. ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलीय ना, तिथं बोटं ठेवली की आत सारखी थरथर लागते. ती रोज तपासायची. लागली नाही तर तडक दवाखाना गाठायचा. त्यामुळे डोळे उघडले की माझा पहिला हात तिथंच जातो, आणि बोटांना ती लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

आता गाण्याचं. इथं सोलापुरात रेल्वे लाइन्सकडे ओळखीच्या एका घराच्या गच्चीवर रविवारी चार-पाच जण ब्लूज वाजवतात. गिटारवाले काका रेल्वेतून रिटायर झालेत, बास गिटार वाजवणारा पोरगा अजून कॉलेजात आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीकडच्या कापसाच्या रानांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे गाणं. गुलामी कायद्यानं संपली, पण पुढंही ती माणसं दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसत राहिली आणि कर्जातून वर आली नाहीत. गाण्याची बांधणी बहुतेक वेळा अगदी साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांचे बारा भाग झाले की पुन्हा पहिल्यापासून.

मोबाइलवर मी हे आधीही ऐकलं होतं, पण समोर बसून ऐकणं वेगळं. तिथं एक सर हार्मोनिका, म्हणजे माउथ ऑर्गन वाजवतात. ब्लूजमध्ये तिचे बरेचसे सूर फुंकून नाही, श्वास आत ओढून निघतात, आणि कट्ट्यावर जवळ बसलं की सुराच्या आधी तो ओढलेला श्वास ऐकू येतो. गिटारची तार बोटानं वर ढकलून काका सूर चढवतात, तिथंच धरून ठेवतात, आणि ते सोडेपर्यंत ड्रमवाला त्यांच्या तोंडाकडे बघत थांबतो. पुढच्या रविवारी तेच गाणं निराळं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं बोटं फिस्टुलावर होती. बास सुरू झाला, त्याचा घुमार कट्ट्याच्या सिमेंटमधून वर आला, आणि हातातली थरथर कुठली, खालून येणारी कुठली, मला वेगळं करता येईना. त्या रात्री ती थरथर मी तपासली नाही, नुसती ऐकली.

भेटायला येणारा जो तो म्हणतो, पॉझिटिव्ह राहा, सगळं ठीक होईल. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्यापुढं मला काही बोलताच येत नाही. या गाण्यांत असलं कुणी सांगत नाही. काम सुटलं, पुरात घर गेलं, आवडतं माणूस निघून गेलं, हे सरळ म्हणतात आणि तालात म्हणतात. तिथं बसले की मी पेशंट नसते. एखादी जागा आवडून मी मान हलवली की काका हसतात आणि तीच जागा पुन्हा घेतात.

बाबा, तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको. चोखोबांच्या मंगळवेढ्यात तुमचा जन्म गेला. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून जो माणूस गेला, त्यानं अभंगांतून थेट विठ्ठलाला जाब विचारला होता. एका एकादशीला अंगात ताप असताना तुम्ही टाळ घेऊन उभे राहिलात, आई किती ओरडली होती! कॅसेटवरचं भजन तुम्हाला कधी पुरलं नाही. माझंही तसंच आहे.

औषध म्हणून मी तिथं जात नाही. गाण्यानं रक्तातलं क्रिएटिनिन उतरत नाही आणि मशीन चुकत नाही. ब्लूजचे मोठे गिटारवाले बी. बी. किंग, त्यांनाही तुमच्यासारखा मधुमेह होता. म्हातारपणी ते खुर्चीत बसून गिटार वाजवायचे, 2014 पर्यंत वाजवत राहिले आणि 2015 साली 89व्या वर्षी गेले. त्यांचा आजार कुठं गेला नव्हता, पण वाजवणंही सुटलं नव्हतं. मला एवढंच हवंय.

आणखी एक मनात आहे. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव 2011 साली सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी ब्लूजचे गिटारवाले बडी गाय आले होते, लहानपणी लुइझियानात कापूस वेचलेला माणूस. फेब्रुवारीतला एखादा महोत्सव मला समोर बसून ऐकायचाय. मुंबईत डायलिसिसची सोय आधी ठरवून होते. एचआयव्ही आणि काविळीचे ताजे रिपोर्ट सोबत लागतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचतो. हे सोबत येणार आहेत, तेव्हा नाही म्हणू नका.

त्याआधी एका रविवारी तुम्ही दोघं इकडं या. गच्चीला जिना आहे, पण कठडा धरून आईला चढता येईल. शेंगाचटणी आणू नकोस आई, मीठ आणि शेंगदाणे दोन्ही मला मोजून असतात. बाबा, तुमचे टाळ मात्र आणा. काकांना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय, ते वाट बघताहेत. रात्री परतायची घाई करू नका, अंथरूण घालून ठेवते.

तुमची,
लेक